सायंकाळच्या बातम्या आणि त्या सांगणारीं माणसें

बातमी लिहून धाडणाराचें नांव इतिहासांत कधीं कधीं सांपडतें. बातमी मोठ्यानें सांगणाराचें नांव मात्र सहसा सांपडत नाहीं. मराठेशाहींत परदरबारीं वकील व अखबारनवीस असत. त्यांनीं धाडलेलीं पत्रें दप्तरांत राहिलीं, राजवाडे, खरे, सरदेसाई यांच्यासारख्या संशोधकांनीं तीं छापून काढलीं, आणि त्यांच्या आधारें आज इतिहास लिहितां येतो. परंतु गांवच्या चावडीसमोर उभा राहून सरकारी हुकूम पुकारणारा जो दवंडीवाला, त्याची नोंद कोणीं ठेवावी? त्याच्या तोंडून गांवास बातमी कळे, ती ऐकून गांव हर्षित होई किंवा धास्ती घेई. पण दवंडी संपली कीं त्याची आठवणहि संपली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत या नियमाला एक चमत्कारिक अपवाद घडला. मुंबईच्या दूरदर्शन केंद्रावरून सायंकाळीं ज्या मराठी बातम्या वाचल्या जात, त्या बातम्या लोक बहुतेक विसरून गेले आहेत. त्या वाचणारीं माणसें मात्र विसरलेले नाहींत. कोणत्या मंत्र्यानें कोठें कोनशिला बसविली हें आज कोणास सांगतां येणार नाहीं. पण ती वार्ता सांगणाऱ्या बाईंच्या कपाळावरचें कुंकू, त्यांच्या साडीचा कांठ आणि त्यांचा सावकाश आवाज हीं साठी उलटलेल्या माणसांच्या मनांत अद्यापि ताजीं आहेत. दोन समवयस्क मराठी माणसें एकत्र जमलीं आणि जुन्या दिवसांचा विषय निघाला, कीं हा प्रसंग बहुधा चुकत नाहीं. अशा हळहळीला कौतुकानें मान डोलावणें सोपें आहे. तिच्यांतलें खरें किती व आपल्याच तारुण्याविषयींची माया किती, हें मात्र जरा निरखून पाहावयास हवें.

भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रयोगादाखल झाला. त्या आरंभकाळीं दिल्लीच्या केंद्रांत पु. ल. देशपांडे होते, हें मराठी माणूस अभिमानानें सांगतो. यानंतर तब्बल तेरा वर्षें हें साधन दिल्लीबाहेर पडलें नाहीं. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं वरळीस सुरू झालें. देशांतील तें दुसरें. पुढच्याच वर्षीं सिंहगडावर सहक्षेपणाची सोय झाली आणि पुणेकरांस मुंबईचा कार्यक्रम घरबसल्या दिसूं लागला. हें सर्व काम तेव्हां आकाशवाणीच्याच छत्राखालीं चाले. १ एप्रिल १९७६ रोजीं दूरदर्शन हें स्वतंत्र खातें झालें.

आकाशवाणीचें हें मातृत्व नुसतें कागदोपत्रीं नव्हतें. मुंबईस नभोवाणी २३ जुलै १९२७ पासून होती, आणि बातमी कान देऊन ऐकावयाची ही संवय मराठी घरांना तिनेंच लाविली होती. पुण्याच्या आकाशवाणीवरून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचें नांव व आवाज ज्यांनीं ऐकला नाहीं असें घर त्या काळीं पुण्याच्या आसमंतांत विरळाच. आपलें नांव सांगून मग बातमी वाचावी ही रीतहि नभोवाणीचीच, आणि तिच्यामागें एक युद्धकथा आहे. इंग्लंडांत १९४० पर्यंत बी. बी. सी. चे वृत्तनिवेदक स्वतःचें नांव सांगत नसत. महायुद्धांत शत्रूनें लबाडीनें खोटी बातमी प्रसृत केली तर खरा आवाज कोणता हें लोकांस ओळखतां यावें, म्हणून त्यांनीं नांव सांगण्यास आरंभ केला, आणि ॲल्व्हार लिडेल यांच्यासारखीं नांवें घरोघर झालीं. म्हणजे निवेदकाचें नांव हें प्रथम कीर्तीसाठीं नव्हतें. तें एक प्रकारचें हमीपत्र होतें. मराठी श्रोत्यानेंहि तें तसेंच मानलें. नभोवाणीनें त्याला नांव व आवाज दिला होता. दूरदर्शननें त्याला मुद्रा दिली, एवढाच फरक. पण हा फरक लहान नव्हे.

ती मुद्रा ज्या पेटींतून प्रकटे तिचेंहि वर्णन केलें पाहिजे, कारण नव्या पिढीस तें खरें वाटणार नाहीं. पाय लावलेली भली थोरली लांकडी पेटी, तिला सरकतीं दारें, कोठें कोठें त्या दारांना कुलूपहि. पेटीसाठीं पोस्टांतून वार्षिक परवाना घ्यावा लागे. चाळींत एखाददुसऱ्या बिऱ्हाडींच ती असे, आणि सायंकाळीं त्या बिऱ्हाडाचा उंबरठा सार्वजनिक होई. मुलें पुढें जमिनीवर, बायका भिंतीला टेकून, पुरुष दारांत उभे. गाण्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम असतां गलका चाले. बातम्या लागल्या कीं घरांतला वडील माणूस एक शब्द बोले आणि सर्वत्र शांतता होई. बातम्यांचा हा मान पेटीचा नव्हता. पूर्वीं वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्याला जो मान मिळे, तोच येथें वारशानें आला होता.

पडद्याच्या पलीकडे काय चाले? निवेदकासमोर टंकलिखित अथवा हस्तलिखित कागद असत. आजच्यासारखा मजकूर डोळ्यांसमोरच्या कांचेवर सरकत नसे. कागदावरचें वाक्य एका दृष्टिक्षेपांत उचलावयाचें, मान वर करून तें प्रेक्षकास सांगावयाचें, आणि पुन्हां नेमक्या ओळीवर यावयाचें. हें सारें त्याच क्षणीं प्रक्षेपित होत असे. चुकलें तर पुसण्यास खडूफळा नव्हता. बातमीबरोबर दाखवावयाचीं दृश्यें सोळा मिलिमीटरच्या फितीवर घेतलेलीं असत. ती फीत धुवून, वाळवून, कापून, जोडून वेळेवर आणावी लागे. दुपारीं घडलेल्या घटनेची फीत सायंकाळपर्यंत तयार होणें हा एक पराक्रमच होता, आणि दूरच्या जिल्ह्यांतल्या घटनेचें चित्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं येई. म्हणून पुष्कळशा बातम्यांना चित्रच नसे. निवेदकाची मुद्रा हेंच त्या बातमीचें चित्र! प्रेक्षक तीस मिनिटें, वीस मिनिटें एकाच मुखाकडे टक लावून पाही, यांतलें अर्धें रहस्य येथें आहे. सारा पडदा काळा-पांढरा असल्यामुळें अगदीं पांढरी साडी डोळ्यांना चकाकी आणी व बारीक रेघांचें कापड थरथरल्यासारखें दिसे; त्यामुळें वेषाची निवडहि साधी व विचारपूर्वक करावी लागे. ज्या साधेपणाची आज इतकी वाखाणणी होते, त्यांतला कांहीं भाग अशा रीतीनें यंत्रानेंच लादलेला होता.

आतां त्या माणसांविषयीं. सर्वांत प्रसिद्ध नांव अर्थातच स्मिता पाटील यांचें. १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यास त्यांचा जन्म झाला; वडील शिवाजीराव पाटील हे राजकारणांतले, आई विद्याताई समाजकार्यांतल्या. मुंबई केंद्राच्या प्रारंभींच्या वर्षांत, विशीच्याहि आंत असतां, त्या बातम्या वाचूं लागल्या. त्यांचीं कांहीं छायाचित्रें केंद्राच्या संचालकांच्या दृष्टीस पडलीं आणि बोलावणें आलें, असें सांगतात. त्यांच्याविषयींची दुसरी गोष्ट तर सर्वतोमुखीं आहे. वेळ थोडा राही तेव्हां त्या जीन्सवरच साडी गुंडाळून निवेदनास बसत. पडद्यावर कमरेच्या वरचाच भाग दिसणार, मग बिघडलें कोठें? त्या सावळ्या, रेखीव मुद्रेवरचे मोठे डोळे बातमी वाचतांना अकारण हालत नसत. श्याम बेनेगल यांचें लक्ष दूरदर्शनच्या पडद्यावरूनच त्यांच्याकडे गेलें. १९७५ सालीं 'चरणदास चोर' व 'निशांत' हे चित्रपट आले, आणि 'भूमिका' या चित्रपटासाठीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. १३ डिसेंबर १९८६ रोजीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, त्या गेल्या. सोन्यासारख्या माणसाचें अकालीं जाणें लोकांच्या मनांत त्याची पहिली ओळख गोठवून टाकतें, आणि पुष्कळांच्या मनांत ती पहिली ओळख वृत्तनिवेदिकेचीच होती.

भक्ति बर्वे यांनींहि मुंबई केंद्रावर बातम्या वाचल्या. त्यांच्या बाबतींत दैवानें एक गोड विनोद केला. १९७५ मध्यें पु. ल. देशपांडे यांचें 'ती फुलराणी' हें नाटक रंगभूमीवर आलें. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून रचलेल्या या नाटकांत मंजुळा नांवाच्या फुलवालीला शुद्ध बोलावयास शिकविण्याचा खटाटोप आहे. जिच्या तोंडून महाराष्ट्र प्रमाण मराठी ऐकत होता, तीच बाई रंगभूमीवर अशुद्ध बोलून प्रेक्षकांना पोट धरून हसवीत होती! भक्ति बर्वे यांचा अंत फेब्रुवारी २००१ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर अपघातानें झाला.

पुरुष निवेदकांत अनंत भावे व प्रदीप भिडे हीं नांवें प्रथम घ्यावीं लागतात. अनंत भावे हे कवि व बालसाहित्यकार. लहान मुलांसाठीं शब्दांशीं खेळणारा हा गृहस्थ बातम्यांच्या वेळीं मात्र प्रत्येक शब्दाला त्याच्या जागीं बसवी. प्रदीप भिडे यांची कारकीर्द दीर्घ. काळ्या-पांढऱ्या पडद्यापासून रंगीत पडद्यापर्यंत, आणि वरळीच्या मनोऱ्यापासून उपग्रहापर्यंत त्यांचा भारदस्त आवाज पोंचला. मुंबई केंद्रावरून इंग्रजी बातम्या देणाऱ्या डॉली ठाकोर यांचेंहि स्मरण जुने मुंबईकर करतात.

या मंडळींनीं मराठी भाषेवर जे उपकार केले त्यांची दखल पुरेशी घेतली गेलेली नाहीं. आपल्या लिपींत एक उणीव आहे. च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिण्यांत मात्र भेद नाहीं. 'चार' मधला च तालव्य, 'चाक' मधला दंततालव्य. 'जात' हा शब्द ज्ञातीच्या अर्थीं आला तर ज निराळा, व 'गाडी जात आहे' यांतला ज निराळा. पुस्तकांतून हें शिकवितां येत नाहीं. तें कानानेंच शिकावें लागतें. ज्या मुलाच्या घरीं कोंकणी, अहिराणी, कानडी अथवा गुजराती बोलली जाई, त्याला प्रमाण उच्चार ऐकण्याची हुकमी जागा शाळेच्या खालोखाल ही बातम्यांचीच होती. संख्यांचेंहि तसेंच. एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव असे आडवळणी शब्द न अडखळतां कसे उच्चारावे याचा वस्तुपाठ रोज सायंकाळीं फुकट मिळे. २०१९ मध्यें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'बावीस' यासह 'वीस दोन' असेंहि म्हणण्याची सोय झाली, आणि त्यावरून महाराष्ट्रांत बराच वाद माजला. त्या वादांत पुष्कळांना या जुन्या निवेदकांची आठवण झाली असल्यास नवल नाहीं. अर्थात् प्रमाण भाषेच्या या थाटांत बोलीभाषांना पडद्यावर जागाच नव्हती, हेंहि विसरतां कामा नये. वऱ्हाडांतल्या अथवा मालवणांतल्या माणसाला त्याच्या घरचा शब्द बातम्यांत कधीं ऐकूं आला नाहीं.

येथपर्यंत सारें गोड झालें. परंतु या आठवणींत एक काटा आहे, आणि तो झांकून पुढें जाणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. हे निवेदक बातमी वाचीत. ती निवडीत नसत. निवड सरकारी खात्याची. २५ जून १९७५ च्या रात्रीं देशांत आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षणाचा बडगा आला. नभोवाणी व दूरदर्शन तर मुळांतच सरकारचीं. हजारों लोक तुरुंगांत पडले, आणि सायंकाळच्या बातम्यांत त्याचा उल्लेख नसे. त्याच डिसेंबरांत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत दुर्गा भागवत यांनीं अध्यक्षपदावरून स्वातंत्र्याचा कैवार घेतला. पुढें त्यांना कारावास घडला. मुंबईंत पुष्पा भावे यांनीं भूमिगत झालेल्या मृणाल गोरे यांना आश्रय दिला. या पुष्पाबाई म्हणजे अनंत भावे यांच्या पत्नी. ज्या घरांतला एक आवाज सरकारच्या प्रसारणयंत्रांतून महाराष्ट्रास परिचित झाला, त्याच घरानें सरकारला नकोशा झालेल्या माणसांस थारा दिला होता, ही गोष्ट त्या काळाविषयीं कोणत्याहि बातमीपत्रापेक्षां अधिक सांगून जाते.

१९७७ मध्यें राज्य पालटल्यावर नव्या सरकारनें प्रसारसाधनांच्या दुरुपयोगाविषयीं श्वेतपत्रिका काढली, आणि बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. या समितीनें १९७८ मध्यें स्वायत्त न्यासाची शिफारस केली. तिचें पुढें काय झालें? प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्यें झाला आणि प्रत्यक्ष अंमल १९९७ मध्यें! मधल्या काळांत ३१ ऑक्टोबर १९८४ चा दिवस येऊन गेला. त्या दिवशीं सकाळीं साडेनवाच्या सुमारास श्रीमती इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूची वार्ता परदेशी नभोवाणीवरून कित्येक तास आधीं लोकांस कळली. सरकारी साधनांनीं ती सायंकाळीं सांगितली. दिल्लीच्या दूरदर्शनवर ती सांगण्याचें दुर्धर काम सलमा सुलतान यांच्यावर आलें. दिवसभर लोक ज्या आवाजांची वाट पाहत बसले, त्या आवाजांना बोलण्याची मुभा नव्हती.

तेव्हां जुन्या निवेदकांवर लोकांचा जो विश्वास होता तो खरा, पण तो दोन ठिकाणीं वांटून द्यावयास हवा होता. उच्चार, संयम, दुःखद वार्ता सांगतांना दुसऱ्याच्या दुःखाचें प्रदर्शन न मांडण्याची शालीनता, हें सारें निवेदकाचें स्वतःचें धन. त्याविषयीं हळहळ वाटणें अगदीं रास्त आहे. काय सांगावयाचें व काय दडवावयाचें हा अधिकार मात्र दुसऱ्याचा, आणि त्याविषयीं हळहळण्याचें कारण नाहीं. लोकांनीं हे दोन्ही एकत्र केले, कारण दुसरा आवाज ऐकावयास मिळतच नव्हता. निवेदकांना दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. त्यांपैकीं कित्येकांचा पोटापाण्याचा व्यवसाय निराळाच असे. ठरल्या दिवशीं यावें, वाचावें, आणि लोकलनें घरीं जावें, असा हा प्रकार होता.

पुढची कथा थोडक्यांत सांगतां येईल. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दिसूं लागला, रंग आले, आणि प्रादेशिक केंद्रांच्या वाट्याची सायंकाळ आंखडली. १९९४ मध्यें दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी निघाली. तीच पुढें सह्याद्रि या नांवानें ओळखली जाऊं लागली. १९९९ मध्यें अल्फा मराठी व २००० मध्यें ई-टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या आल्या. २००७ पासून चोवीस तास मराठी बातम्या देणाऱ्या वाहिन्या सुरू झाल्या. दिवसांतून एकदां येणारी बातमी आतां थांबतच नाहीं. तिला वडिलांनीं गप्प बसविलेलें घर मिळत नाहीं, म्हणून ती स्वतःच ओरडूं लागली. पण कित्येक तास मृत्यूची वार्ता दाबून ठेवणें आज कोणत्याहि सरकारला शक्य नाहीं, हेंहि त्याच ओरड्याच्या पदरांत टाकलें पाहिजे.

राहतां राहिली एक गोष्ट, आणि खरी हानि तेथेंच आहे. त्या काळीं बातमीपत्र प्रक्षेपित होई आणि हवेंत विरून जाई. तें जपून ठेवावें ही कल्पना जगांतल्या बहुतेक केंद्रांत नव्हती. चुंबकीय फीत महाग, म्हणून ती पुसून पुन्हां वापरीत. खुद्द बी. बी. सी. नें आपले कितीतरी कार्यक्रम असेच पुसून टाकले. अमेरिकेंत नॅशव्हिल या शहरीं पॉल सिम्प्सन नांवाचा विमा व्यवसायांतला एक गृहस्थ होता. मोठ्या वाहिन्या आपलीं बातमीपत्रें दोनच आठवडे ठेवून मग पुसतात हें कळल्यावर तो अस्वस्थ झाला. त्याच्या खटपटीनें तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय वाहिन्यांचीं सायंकाळचीं बातमीपत्रें मुद्रित करून ठेवण्यास आरंभ झाला, आणि तो संग्रह आज संशोधकांना उपलब्ध आहे. इतिहासाचें दप्तर राखावयास इतिहासकारच लागतो असें नाहीं.

महाराष्ट्रांत, जेथें पेशवे दप्तराच्या एकेका रुमालासाठीं माणसांनीं आयुष्यें वेंचलीं, तेथें सायंकाळच्या मराठी बातम्यांसाठीं असें कोणी निघालें नाहीं. ७ जून २०२२ रोजीं प्रदीप भिडे निवर्तले, तेव्हां वृत्तपत्रांतून त्यांच्या आवाजाविषयीं भरभरून लिहिलें गेलें. तो आवाज निदान उत्तरकाळच्या मुद्रणांतून ऐकतां येतो. स्मिता पाटील यांचे चित्रपट आज कोणालाहि हवे तेव्हां पाहतां येतात. त्यांनीं वाचलेल्या बातम्या मात्र, ज्यांनीं त्या सायंकाळीं दुसऱ्याच्या उंबरठ्यावर बसून ऐकल्या, बहुतांशीं त्यांच्याच कानांत उरल्या आहेत. आणि त्यांतलीं लहानांत लहान मुलेंहि आज साठीला टेकलीं आहेत.